गाडी नसताना टेस्टिंग

परवा हापिसात पुन्हा एकदा नाशिकच्या वायनरी ट्रिपचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे 'गाडी कोण काढणार' इथे येऊन बारगळला. वाईन टेस्टिंगला गाडी घेऊन जाणं हा मला पहिल्यापासूनच डिझाइनमधला बग वाटत आलाय. जो चालवणार त्याने काय, फक्त वास घ्यायचा? मी सुलाला गेलो होतो तेव्हा एसटीने नाशिक आणि पुढे रिक्षाने गेलो. गंगापूर धरणाच्या पाण्याकडे बघत ग्लासच्या तळाला घोट-घोट वाईन, तो ग्लास गोल फिरवणं, 'यात पेरूचा वास येतोय' वगैरे. मला काही पेरू सापडला नाही. बिल सापडलं. असो.

तर त्याच गोदावरीच्या काठाकाठाने खाली जात राहिलात, तर ती पार पूर्वेला तेलंगणाच्या हद्दीवर प्राणहितेला भेटते आणि तिथे सिरोंचा लागतं. गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मित्राचं गाव. सुलाचं वर्णन ऐकून तो म्हणाला होता, "काय बे, घोटभरासाठी इतके पैसे? आमच्याकडे ये, झाडाखाली बसवून ताडी पाजतो." ताडी म्हणजे इंग्रजीत चक्क 'पाम वाईन'. म्हणजे वाईन टेस्टिंगच झालं की!

आता तुम्ही म्हणाल, गडचिरोलीत तर दारूबंदी आहे. आहेच, १९९३ पासून. पण सिरोंच्यासमोर गोदावरी आहे आणि पलीकडे कालेश्वरम, तेलंगणा. तिथे ताडी कायदेशीर, तिला म्हणतात 'कल्लु'. पूर्वी नावेने जावं लागायचं, २०१६ साली पूल झाला. या काठावर गुन्हा, त्या काठावर नाश्ता!

फेब्रुवारीत गेलो. बल्लारशाहवरून पुढे मंचेरियालपर्यंत रेल्वे, मग चेन्नूरमार्गे बस आणि शेवटी शेअर ऑटो. (आल्लापल्लीवरून येणाऱ्या रस्त्याबद्दल मित्राचं मत इथे छापण्यासारखं नाही.) दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शेअर ऑटोने पूल ओलांडला. घरी मोटरसायकल उभी होती, पण त्याने किल्लीला हात लावला नाही.

ताडी काढणारे लोक तिथे गौड समाजाचे. आमचा माणूस कमरेला मोकू, म्हणजे दोराचा फास लावून ताडावर असा चढला, की मला खालून बघतानाच चक्कर आली. ताडाचा फुलोरा बांधतात, काही दिवस ठोकून-दाबून तयार करतात आणि मग रोज त्याच्या टोकाची पातळ चकती कापतात. तिथून थेंब-थेंब रस खाली बांधलेल्या मातीच्या लोट्टीत. मडक्याला आतून चुना लावला तर ती नीरा, स्टेशनवरच्या केंद्रात मिळते ती. नाही लावला तर मडक्यातलं आणि हवेतलं यीस्ट लगेच कामाला लागतं. कुणी काही घालत नाही, रस टपकायला लागला की प्रोसेस आपोआप सुरू!

ताडाच्या पानाचा द्रोण करून त्यात ओततात. पहिला द्रोण गोड, किंचित फसफसणारा, शहाळ्याच्या पाण्यात कुणी सोडा मारावा तसा. इथे एक विनोद झाला. मित्र हात आडवा धरून "चालु, चालु" म्हणत होता. मला वाटलं, ओतणं चालू ठेव म्हणतोय, म्हणून मीही उत्साहाने "चालू, चालू!" तेलुगूत 'चालु' म्हणजे 'पुरे'. तो गौडभाऊ बिचारा हसून थांबला.

खरी मजा पुढे. नदीकाठी इकडेतिकडे करून आम्ही दुपारी पुन्हा गेलो आणि सकाळच्याच लोट्टीतली मागितली. गोडी अर्धी गायब, आंबटपणा पुढे आलेला, वासही उग्र. तीनच्या सुमारास आणखी आंबट. तिकडे नाशिकला दोन विंटेजमध्ये वर्षांचा फरक असतो, इथे तासांचा. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे बिअरइतकं, आणि रात्र ओलांडली की व्हिनेगर व्हायला सुरुवात. साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही, झाडापर्यंत तुम्हालाच जावं लागतं. शहरातल्या ताडीच्या दुकानांच्या नादी मात्र लागू नका. तिथे गुंगीची औषधं मिसळण्याचे प्रकार होतात. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्लीत भेसळीच्या ताडीने माणसं गेली.

मी सॅकमधून पाण्याची रिकामी बाटली काढली. म्हटलं, अर्धा लिटर घेऊ, संध्याकाळी घरी चौथी टेस्ट. नोट्सही काढत होतो हो मी!

मित्र म्हणाला, "ठेव ती आत."

मला वाटलं, पोलिसांचं म्हणतोय. तेही होतंच. पण मग तो झाडाला टेकून बराच वेळ बोलला. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था, गावोगावचे ठराव, बायकांचे मोर्चे, यांतून ती बंदी आली, हे मी कुठेतरी वाचलं होतं. त्यातली एक बाई याची आई होती, हे दहा वर्षांत कधी कळलं नव्हतं. हा तेव्हा दुसरीत. ती बायकांबरोबर मोहाच्या दारूचे हंडे फोडायला गेलेली आणि बंदी आल्यावर याचे बाबा नावेने या काठाला यायला लागले. सकाळी यायचे आणि रात्रीच्या शेवटच्या नावेने परत. कधी परत येतच नसत. पूल झाला त्याच्या आधी गेले. लिव्हर.

"मग तू कसा पितोस?" मी विचारलं. (विचारायला नको होतं.)

"एक द्रोण. वर्षातून एकदा. आईला सांगून."

तेव्हा लक्षात आलं, की मी सकाळपासून तीनदा टेस्ट केली होती आणि त्याने पहिल्या द्रोणानंतर काहीच घेतलं नव्हतं. बाटली सॅकमध्ये गेली. ऊन उतरेपर्यंत आम्ही वाळूत बसून राहिलो, मला सरळ चालता येतंय याची त्याने खात्री केली आणि मगच ऑटोला हात केला.

घरी काकू ओसरीवर बसल्या होत्या. मुलाला तेलुगूत काहीतरी विचारलं, त्याने एक बोट दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने तीन बोटं दाखवली.

"किती लागले जी, बाबू?"

"दोघांत शंभर, काकू."

"महाग झाली," एवढंच म्हणाल्या आणि भात वाढायला उठल्या.