वहिवाट

भाद्रपदात गावकुत्र्यांचे जे काही चालते, त्यावरून आपल्या बोलीने एक असभ्य वाक्प्रचार घडविला आहे. परंतु त्यानंतर सुमारे नऊ आठवड्यांनी, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, गंजीआडून पिलांची कुईकुई ऐकू येऊ लागावी आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी पडावी, हा निसर्गाचा व शिक्षणखात्याचा संगनमताने केलेला कट आहे, असे मामलेदार कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्या वडिलांचे मत होते.

कुत्र्याला त्यांचा विरोध नव्हता, घाईला होता. सदऱ्याखाली लपवून आणलेले पिलू ते, "तूर्त दाखल करून घेता येत नाही," असे बजावून त्याच्या आईकडे रवाना करीत. डोळे उघडायलाच दहा-बारा दिवस, अंगावरचे तुटायला आठ आठवडे. शिवाय माणसाहून दुपटीने उंच स्वर टिपणाऱ्या त्या कानांना नव्या घराची पहिली ओळख फटाक्यांनी का व्हावी? संक्रांत झाली, की मात्र ते खुद्द नगरपालिकेत जाऊन परवान्याची फी भरीत व पावतीसह पितळी बिल्ला आणीत. कडेला झिजलेला, आकडा ठोकलेला तो बिल्ला पट्ट्यात अडकविला, की मोती खाताना जर्मनच्या थाळीच्या काठावर टणटण वाजे, आणि त्यावरून त्याचे जेवण कुठवर आले आहे, हे माजघरात कळे.

माजघरात म्हणजे आईला. शाळा उघडल्यावर आमचे प्रेम संध्याकाळपुरते उरे. ताकात भाकरी कुस्करणे, गोचिडी काढणे, ओटीवरची घाण सारवणे हे सारे तिच्याकडे, आणि तिला तर कोणी विचारलेलेही नसे. कागदोपत्री मालकी वडिलांची, वहिवाट आईची.

पुढे मुंबईच्या चाळीत कुत्र्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडातल्या एका श्वानरक्षक संस्थेने १९७८ साली, कुत्रा हा नाताळपुरता नव्हे, जन्मभराचा असतो, अशा आशयाचे घोषवाक्य काढल्याचे वाचले, तेव्हा वडिलांचा शेरा परदेशात उशिराने पोहोचला, एवढेच वाटले.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नातीने हट्ट धरला. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या अर्जात, दिवसा घरी कोण असते, असा एक रकाना होता, आणि तो पाहून त्या अज्ञात मसुदाकाराविषयी मला फार आदर वाटला. सूनबाईंना कचेरी, नातीला शाळा. मी चष्मा लावून तिथे माझे नाव लिहिले, आणि पिलू संक्रांतीनंतर मिळावे, अशी खाली पुस्ती जोडली.