चोर्ल्याचा घाट आणि एक ट्यूब

आपल्यापैकी बहुतेकांनी चोर्ला घाट पाहिलाय तो गाडीच्या खिडकीतून, आणि तोही अर्धवट. जांबोटी गेलं की आई उलटीची गोळी हातावर ठेवते, कणकुंबीपर्यंत डोळा लागतो आणि जाग येते तेव्हा साखळी आलेली असते. मीही लहानपणापासून गोव्याला असाच गेलो. घाट म्हणजे वळणं, पोटातली कालवाकालव आणि बाबांचं "काच खाली करा रे" एवढंच डोक्यात होतं. तोच घाट सायकलने उतरायचा आणि त्याच दिवशी परत चढायचा, हे खूळ माझ्या मामेभावाचं.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. उद्यमबागेत त्याचं बेअरिंग आणि बेल्टचं दुकान आहे. मामाच्या जुन्या सायकलवर नळीतून पाय घालून चालवायला मला त्यानेच शिकवलं. मी पुढे बीई झालो, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो आणि करोनाच्या काळात लॅपटॉप घेऊन बेळगावला परत आलो तो इथेच राहिलो. दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटायला लागलं, तेव्हा दादानेच पहाटे दाराशी येऊन घंटी वाजवायला सुरुवात केली. आधी हिंडलगा, मग राकसकोप, मग जांबोटी. दोन वर्षांत आमची मजल ब्रेव्हेपर्यंत गेली.

ब्रेव्हे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण घरी अजूनही सगळे "रेस कधी आहे तुझी?" असंच विचारतात. ही रेस नाही. नंबर नाही, बक्षीस नाही. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं, बस्स. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पॅरिसियन जगभरातल्या अशा राइड्स प्रमाणित करतो, भारतातलं काम ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स पाहते. सुरुवातीला एक कार्ड मिळतं, वाटेतल्या कंट्रोल पॉइंटवर त्यावर शिक्का आणि वेळ घ्यायची. अधल्यामधल्या रस्त्यावर घरची गाडी मागे ठेवून मदत घ्यायची नाही. दुकानातून काहीही विकत घ्या, आणि दुसऱ्या सायकलवाल्याने मदत केली तर तीही चालते.

हा शेवटचा नियम मी गेल्या वर्षी वाचला होता, पण पाळायची वेळ आली तेव्हा विसरलो.

गेल्या वर्षीचा मार्ग हाच होता. बेळगावहून चोर्लामार्गे म्हापशाच्या अलीकडे जायचं, तिथे शिक्का घ्यायचा आणि त्याच वाटेने परत. परतताना साखळीजवळ दादाची सायकल पंक्चर झाली. त्याने आपली जादा ट्यूब घातली. माझ्या पिशवीत दोन होत्या. "एक असू दे तुझ्याकडे" म्हणायला हवं होतं, पण मी घड्याळ बघत होतो. मी एक्सेल शीट बनवली होती. कुठल्या किलोमीटरला किती वाजले पाहिजेत, ते सगळं त्यात होतं, आणि आम्ही अठरा मिनिटं मागे होतो. घाट सुरू झाल्यावर मी माझ्या वेगाने पुढे निघालो. घाटात फोनला रेंज नसते. चोर्ल्याला वर पोचल्यावर पाच मिनिटं थांबलो, दादा दिसला नाही, "येईल मागून" असं स्वतःशी म्हणालो आणि निघालो. १३ तास ४ मिनिटांनी बेळगावला पोचलो. कार्डावर सही झाली, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला.

दादाचं मागचं चाक घाटाच्या मध्यावर पुन्हा बसलं होतं. पॅच होते, पण सोल्युशनची ट्यूब वाळून गेलेली. मागून येणाऱ्या एका मुलाने पॅच लावून दिला तोवर अंधार पडत आला होता. तो कसाबसा कणकुंबीपर्यंत आला आणि एका मालाच्या टेम्पोत सायकल टाकून रात्री साडेनऊला घरी पोचला. दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेलो. दादा दुकानात गेला होता. मामी म्हणाली, "तू पोचलास ना वेळेत? बरं झालं." एवढंच. पण त्यानंतर पहाटेची घंटी बंद झाली. भांडण नाही, अबोला नाही. गणपतीत भेटलो, बोललो, मोदक खाल्ले. फक्त सायकलचा विषय दोघांनीही काढला नाही.

नोव्हेंबरमध्ये त्याचाच फोन आला. "यंदा जाऊया की."

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला गोवावेसपाशी चाळीसेक सायकलवाले जमले. बेळगावची थंडी तुम्हाला सांगायला नको. कानटोपीवर हेल्मेट, अंगात चमकणारी जाकिटं, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा. हे दिवे तपासल्याशिवाय सोडतच नाहीत. कॉलेजची मुलं होती, एक दातांच्या डॉक्टर होत्या, साठीपुढचे दोन काका होते. सहाला निघालो. उद्यमबाग, पिरनवाडी आणि मग उजवीकडे जांबोटीचा रस्ता. किणये येईपर्यंत अंधारच होता आणि पुढच्या माणसाचा लाल दिवा धरून आम्ही चाललो होतो.

हा रस्ता गाडीत बसून सपाट वाटतो. सायकलवर कळतं की तो कुठेच सपाट नाही. एक चढ, एक उतार, पुन्हा चढ. जांबोटीच्या पुढे झाडी दाट होते, थंडी वाढते आणि धुक्यात फक्त चेनचा आवाज येतो. जांबोटीला गरम इडली आणि दोन कप चहा झाला. दादा फारसा बोलत नव्हता. मीही.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी दोन मिनिटं थांबलो. मलप्रभा इथे उगम पावते. इथलं पाणी पूर्वेला वळतं, कूडलसंगमला कृष्णेत मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. आणि इथून थोडं पश्चिमेला गेलं की तिथला पाऊस म्हादईत उतरतो, तीच पुढे मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात मिळते. ज्या पाण्यावरून दोन राज्यं इतकी वर्षं भांडताहेत, त्याची वाटणी डोंगर इथे आपल्या पाठीवर करून बसलाय. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या सीमा याच परिसरात एकमेकींना भेटतात. सायकलच्या वेगाने जाताना पाट्यांवरची लिपी बदलते, मैलाचे दगड बदलतात, बोलण्याचा हेल बदलतो, पण झाडं तीच राहतात.

नऊच्या सुमारास चोर्ला, आणि मग उतार. सुमारे ८०० मीटर उंचीवरून थेट केरीपर्यंत, पंधरा-सोळा किलोमीटर. लोकांना वाटतं उतार म्हणजे मजा. मजा असतेच, पण ब्रेक दाबून दाबून तळहात बधिर होतात, आणि वळणावर वाळू असेल तर काळजाचं पाणी होतं. एका वळणावर अंजुणे धरणाचं पाणी खाली चमकताना दिसलं. पंचवीस वर्षांत मी ते एकदाही पाहिलं नव्हतं. प्रत्येक किलोमीटरला हवा गरम होत गेली. वर जाकीट घातलेला माणूस केरीला बाह्या दुमडून बसला होता.

साखळीला वाळवंटीच्या काठाने पुढे, मग डिचोली, आणि म्हापशाच्या अलीकडे साडेअकराला शिक्का. तिथल्या हॉटेलात पाव-भाजी खाल्ली. गोव्यातली भाजी, म्हणजे बटाट्याची किंवा वाटाण्याची पातळ भाजी आणि खरपूस पाव. मालकाने कार्ड उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "बेळगावाक परत? सायकलीर?" आणि पैसे घेताना दोन केळी वर ठेवली.

दोनला परत केरी. आता घाट पायथ्याकडून दिसत होता. सरासरी दर शंभर मीटरला साडेचार-पाच मीटर चढ. आकडा छोटा वाटतो, पण तो पंधरा किलोमीटर सोडत नाही, आणि वर दुपारचं ऊन. घाट चढायची एकच रीत आहे. प्रत्येकाने आपल्या वेगाने चढायचं. दुसऱ्याच्या वेगाने चढायला गेलं की हळू जाणारा धापतो आणि वेगात जाणाऱ्याचे पाय भरून येतात. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं की यंदा काही झालं तरी दादाच्या मागेच राहायचं. पुढे जायचंच नाही.

तशी वेळच आली नाही. अर्धा घाट झाला आणि माझ्या उजव्या पोटरीत गोळा आला. उतरलो तर मांडीतही आला. रस्त्याच्या कडेला बसून मी पाय दाबत होतो आणि दादा शेजारी उभा होता. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. शीट यंदा बनवली नव्हती, पण हिशेब डोक्यात होताच. वरून बेळगाव अजून चौपन्न-पंचावन्न किलोमीटर, हातात चार तास वीस मिनिटं.

"दादा, तू हो पुढे," मी म्हणालो. "तुझं कार्ड तरी व्हायला पाहिजे."

मला वाटलं तो "असं कसं सोडून जाऊ" वगैरे म्हणेल. तो काही म्हणाला नाही. माझ्या दोन्ही बाटल्या हलवून बघितल्या आणि आपल्यातलं अर्धं पाणी त्यात ओतलं. मीठ-साखरेची पुडी दिली. माझी पिशवी उघडून ट्यूब, पंप, पॅच बघितले. सोल्युशनची ट्यूब दाबून ओली आहे ना ते बघितलं. दिवा लावून बंद केला. मग म्हणाला, "हळूहळू ये. जमत न्हाई तिथं उतरून ढकल. मी वर थांबतो. पावणेपाचपर्यंत आला न्हाईस तर खाली बघायला येतो." आणि तो गेला. वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत त्याने दोनदा मागे बघितलं.

तिथे बसल्या बसल्या मला गेल्या वर्षीचं नीट कळलं. वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की मी त्याला सोडून गेलो, हे चुकलं. घाटात सगळेच एकमेकांना सोडून जातात. माझी चूक वेगळीच होती. त्याच्याकडे काय उरलंय हे मी विचारलं नव्हतं. त्याची ट्यूब संपलीय हे मला ठाऊक होतं, माझ्याकडे दोन होत्या, आणि मी वर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलो नव्हतो.

उरलेला घाट मी थोडा चालवत, थोडा ढकलत चढलो. दातांच्या डॉक्टरांनी जाताना वेग कमी करून "काही हवंय का?" विचारलं. साठीतल्या एका काकांनी खडीसाखर दिली. चार वाजून बत्तीस मिनिटांनी वर पोचलो. दादा एका टपरीवर दोन चहा सांगून बसला होता. एक निवला होता.

"गेल्या वर्षी माझं चुकलं, दादा," मी म्हणालो. वर्षभर जे वाक्य घोळवत होतो ते इतकंच निघालं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "चहा पी. वेळ न्हाई."

मग त्याने मला मागे घेतलं. पुढच्याच्या मागच्या चाकाजवळ राहिलं की वारा तो खातो आणि मागच्याला बरीच ताकद कमी लागते. कणकुंबी, जांबोटी, आणि मग सहानंतर मिट्ट काळोख. मी फक्त त्याचा लाल दिवा बघत होतो. प्रत्येक चढाला तो मागे न वळता विचारायचा, "हाय काय रे?" मी म्हणायचो, "आहे." पिरनवाडीचे दिवे दिसले तेव्हा सात वाजून गेले होते. सात एकवीसला आम्ही कार्ड टेबलावर ठेवलं. नऊ मिनिटं राखून.

तुमच्यापैकी कोणाला हा घाट करून बघायचा असेल तर आधी दोन-तीन महिने जांबोटीपर्यंत जाऊन या. दिवे चांगले घ्या, पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त घ्या, आणि चढायच्या आधी सोबतच्या माणसाला त्याच्याकडे काय आहे ते विचारा.

दुसऱ्या दिवशी मामीने फोन करून जेवायला बोलावलं. आणि पुढच्या रविवारी पहाटे पावणेसहाला दाराशी घंटी वाजली. माझ्या पिशवीत आता तीन ट्यूब असतात. एक दादाची.