साकीनाक्याहून समुद्राकडे : पॉइंट्सचा हिशेब आणि अम्मींची बोट

साकीनाक्यात राहणाऱ्याला विमान रोज दिसते, समुद्र दिसत नाही. जरीमरीच्या बाजूने उतरणारी विमाने इतकी खालून जातात की वर्गात शिकवताना दोन वाक्यांच्या मध्ये थांबावे लागते. अंधेरी-कुर्ला रोड, साकी विहार रोड आणि खैरानी रोडच्या वर्दळीत सकाळपासून टेम्पो, रिक्षा आणि हातगाड्या अडकलेल्या असतात. गल्लीत शिरले की शिलाईची मशीन, लाकडाचा भुसा, वेल्डिंगची ठिणगी आणि फरसाणाच्या भट्टीचा वास. इथे माणसे कामासाठी येतात. सहलीला कोणी येत नाही, आणि इथून सहलीला निघणेही सोपे नसते, कारण एक दिवस शटर बंद म्हणजे एका दिवसाची मजुरी बंद.

अशा या वस्तीत गेल्या काही वर्षांत क्रेडिट कार्ड घरोघर पोहोचले आहे. आमच्या धाकट्या भावाचा खैरानी रोडवर ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवण्याचा छोटा कारखाना आहे. सेक्शन आणि काच देणारा व्यापारी कार्ड घेऊ लागला, तेव्हापासून भाऊ माल कार्डावर उचलतो आणि मुदतीच्या आत सगळे बिल भरून टाकतो. व्याजाचा एक रुपयाही लागू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. एके दिवशी त्याच्या मोबाइलवर बँकेचा संदेश आला : आपल्या खात्यात ४८,००० रिवॉर्ड पॉइंट्स जमा आहेत, क्रूझ सफरीसाठी वापरा. भाऊ धावत घरी आला. “आपा, अठ्ठेचाळीस हजार! अम्मींना बोटीतून गोव्याला नेऊ या.”

अम्मी ओट्याजवळ तांदूळ निवडत होत्या. ‘बोट’ हा शब्द ऐकून त्यांनी ताट बाजूला ठेवले.

हे का, ते सांगायला हवे. कोकणातल्या आमच्यासारख्या घरांमध्ये समुद्रप्रवास ही कधीकाळी चैन नव्हती, तीच गावाकडची वाट होती. रस्ता धड नव्हता, रेल्वे नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ अशा बोटी निघत आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जात. पुष्कळ बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या पडावातून ने-आण होत. अम्मी लहानपणी अशाच एका पडावात उतरताना रडल्या होत्या आणि खलाशाने त्यांना खांद्यावर घेतले होते, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली आहे.

दुसरी आठवण नानांच्या हजची. तेव्हा मुंबईहून हाजी जहाजाने जिद्दाला जात. गावाहून आलेले हाजी मुसाफिरखान्यात उतरत, त्यांना पोहोचवायला आलेले नातलग जमिनीवर चटया टाकून राहत, आणि जहाज सुटताना धक्क्यावर सलामांचा आणि रडण्याचा एकच कल्लोळ होई. १९९५ नंतर मुंबईहून जहाजाने हजला जाणे बंद झाले आणि सारे विमानावर गेले. नाना परत आले तेव्हा जमजमच्या डब्याबरोबर त्यांनी समुद्राच्या गोष्टी आणल्या होत्या. अम्मींच्या मनातली बोट ती आहे.

आजची क्रूझ मात्र वेगळी वस्तू आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याचे खूप कौतुक झाले. कोरोनाच्या काळात ते थांबले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे मोठे जहाज मुंबईहून गोव्याकडे आणि इतर बंदरांकडे फिरू लागले. बॅलार्ड पिअरला नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे राहिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. अशा जहाजात नाटक असते, तरण तलाव असतो, तसेच मद्य आणि कॅसिनोही असतो. जेवण हलाल आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावे लागते.

भावाचा उत्साह मोडायचा नव्हता. पण शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की गणितात आधी एकक पाहावे. अठ्ठेचाळीस हजार काय? रुपये की पॉइंट्स? आम्ही कार्डाच्या अटी उघडल्या आणि वही घेऊन बसलो.

भावाच्या कार्डावर शंभर रुपयांच्या खर्चाला दोन पॉइंट्स मिळतात. वर्षभरात चोवीस लाखांचा माल उचलला, म्हणून ४८,००० पॉइंट्स. पेट्रोल, भाडे आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर पॉइंट्स नाहीत, हेही तिथेच लिहिलेले. आता हे पॉइंट्स वटवायचे कसे? इथे तीन दरवाजे होते आणि प्रत्येक दरवाजावर भाव वेगळा. बिलातून वजा करून घेतले तर एका पॉइंटचे वीस पैसे, म्हणजे ९,६०० रुपये. बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर तीस पैसे, म्हणजे १४,४०० रुपये. तिसरा दरवाजा क्रूझच्या व्हाउचरचा : ४०,००० पॉइंट्स द्या आणि १०,००० रुपयांचे व्हाउचर घ्या, म्हणजे पंचवीस पैसे. शिवाय प्रत्येक वेळी वटवण्याचे शुल्क ९९ रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे.

मग पोर्टलवरच का नको? कारण तिथे विमान आणि हॉटेल मिळत होते, क्रूझ नव्हती. क्रूझसाठी व्हाउचरच घ्यावे लागणार होते. व्हाउचरच्या अटी बारीक अक्षरांत होत्या : फक्त मूळ भाड्यावर लागू, एका बुकिंगला एकच व्हाउचर, सुट्टीच्या दिवसांत चालणार नाही, सहा महिन्यांत वापरावे, वापरले नाही तर पॉइंट्स परत मिळणार नाहीत. भावाने बँकेला फोन लावला. त्यांनी जहाज कंपनीला विचारा म्हटले. जहाज कंपनीने बँकेला विचारा म्हटले. दोन दिवस असेच गेले.

जाहिरातीतला दर माणशी होता, तोही एका खोलीत दोघे राहिले तर. आमच्या चौघांचा हिशेब असा झाला : मूळ भाडे माणशी १६,००० प्रमाणे ६४,०००. बंदराचे शुल्क आणि सेवाशुल्क माणशी ३,००० प्रमाणे १२,०००. एकूण ७६,००० आणि वर कर. व्हाउचर वजा केले तर ६६,००० आणि कर. म्हणजे ‘फुकट’ सहलीसाठी खिशातून सहासष्ट हजार जाणार. खैरानी रोडच्या कारखान्यात एका कारागिराचा तीन-चार महिन्यांचा पगार यात निघतो.

खरी भीती पुढे होती. बँकेच्या माणसाने फोनवर सुचवले, “सर, उरलेले ईएमआय करून टाका.” इथे वाचकांनी कान टवकारावेत. हप्त्यांवर व्याज असते. ‘नो-कॉस्ट’ म्हटले तरी पुष्कळदा व्याज हिशेबात असतेच. तेवढी सूट आधी दाखवतात, प्रक्रिया शुल्क वेगळे आणि व्याजावर जीएसटी वेगळा. आणि बिल पूर्ण न भरता ‘किमान देय रक्कम’ भरत राहिले तर? महिना साडेतीन टक्के दर धरला तर ६६,००० वर पहिल्याच महिन्यात २,३१० रुपये व्याज लागते. वर्षाला हा दर बेचाळीस टक्क्यांवर जातो. व्याज शेवटच्या तारखेपासून लागत नाही, खरेदीच्या दिवसापासून लागते, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. नऊ हजारांच्या बक्षिसापायी माणूस अशा फेऱ्यात सापडतो.

मुसलमान घरासाठी हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. व्याज देणे आणि घेणे दोन्ही हराम, हे आपण जाणतो. बिल वेळेत पूर्ण भरणाऱ्याने कार्ड वापरावे की नाही, करारातल्या व्याजाच्या अटीचे काय, पॉइंट्स घ्यावेत की नाही, यावर उलमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. ज्यांच्यावर आपला भरवसा आहे त्या मुफ्तींना आपल्या कार्डाची पूर्ण माहिती देऊन विचारावे. सहलीसाठी व्याजाचा हप्ता घ्यायचा नाही, एवढे मात्र आमच्या घरात कोणाला विचारावे लागले नाही.

भावाने ४८,००० पॉइंट्स बिलातून वजा करून घेतले. ९,६०० रुपयांनी बिल हलके झाले. अम्मींना काय सांगायचे, हा प्रश्न राहिला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त विचारले, “भाऊचा धक्का अजून आहे का?”

आहे. डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्ही निघालो. साकीनाका मेट्रो स्थानक घराजवळच. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि या वस्तीला पहिल्यांदा वेळेवर कुठे पोहोचता येऊ लागले. आता पुढच्याच मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो मिळते. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. सरकते जिने आणि लिफ्ट असल्यामुळे अम्मींचे गुडघे कुरकुरले नाहीत. जमिनीखालून सीएसएमटीला आलो, तिथून टॅक्सी केली.

आधी बॅलार्ड पिअरला गेलो. तिकिटाशिवाय आत जाता येत नाही, म्हणून बाहेरूनच पाहिले. चाकांच्या बॅगा ओढत कुटुंबे आत जात होती. मुले उड्या मारत होती. त्यांचा आनंद खरा होता. ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. अम्मींनी टॅक्सीच्या काचेतून पाहिले आणि म्हणाल्या, “इमारत केवढी मोठी! आम्ही तर फळीवरून चढायचो.”

भाऊच्या धक्क्यावर मासळीचा वास आधी येतो, समुद्र नंतर दिसतो. ट्रॉलर दाटीने उभे, बर्फाच्या लाद्या फोडणारे, टोपल्या डोक्यावर घेतलेल्या कोळणी. इथूनच उरणच्या मोरा बंदराची आणि रेवसची लाँच सुटते. मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोटही इथूनच निघते. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि तिच्यात मोटारीही चढतात. आम्ही रो-रोची तिकिटे रोख पैसे देऊन काढली. बोट सुमारे तासाभरात मांडव्याला पोहोचते.

अम्मी खिडकीशी बसल्या नाहीत. भावाचा हात धरून त्या वर डेकवर गेल्या. एका बाजूला घारापुरीचे डोंगर, तेलाची जहाजे उभी असलेले जवाहर द्वीप, मागे धुरकट होत गेलेली मुंबई. मध्येच त्यांनी ओठांत काही पुटपुटले. विचारल्यावर म्हणाल्या, “रामदास बोटीवाल्यांसाठी दुआ केली.” १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अम्मींच्या आईने ती बातमी ऐकली होती, आणि त्यानंतर बोटीत पाऊल ठेवताना दुआ पढण्याची सवय त्या घराला लागली. नात मोबाइलवर सीगल पक्ष्यांचे फोटो काढत होती. तिला अम्मींनी जवळ घेतले आणि पडावाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी समुद्र समोर होता, म्हणून नातीने ती पूर्ण ऐकली.

मांडव्याला उतरून बरोबर नेलेले कबाब-पाव खाल्ले, सावलीत नमाज अदा केली आणि संध्याकाळच्या बोटीने परतलो.

त्या आठवड्यात आठवीच्या मुलांना आम्ही हेच गणित फळ्यावर घातले : ४८,००० पॉइंट्स, एका पॉइंटचे वीस पैसे, तर रुपये किती? अर्ध्या वर्गाचे उत्तर बरोबर आले. मग एका मुलाने हात वर करून सांगितले की त्याच्या अब्बूंना ‘तुमचे पॉइंट्स आज संपत आहेत’ असा संदेश आला होता, लिंक दाबून ओटीपी सांगितला आणि खात्यातले पैसे गेले. वर्ग गप्प झाला. आम्ही फळ्यावर १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लिहिला आणि तो सर्वांना वहीत उतरवून घरी दाखवायला सांगितला. असा फोन जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

वाचक बंधू-भगिनींनी आपापल्या घरातले कार्ड काढून एवढे तपासावे. एका पॉइंटचे बिलात किती पैसे मिळतात? पॉइंट्सची मुदत कधी संपते? व्हाउचर कर आणि बंदर शुल्कावर चालते का, की फक्त मूळ भाड्यावर? सहल रद्द झाली तर पॉइंट्स परत येतात का? उत्तर फोनवर न घेता ईमेलवर लेखी घ्यावे. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आणि पॉइंट्सची लिंक एसएमएसमधून कधीही उघडू नये. बँकेच्या ॲपमध्ये स्वतः जाऊनच पाहावे.

भावाने आता खर्चाच्या वहीत एक नवे पान केले आहे. वर लिहिले आहे ‘अम्मींची रत्नागिरी’. तिथे कोकण रेल्वे जाते. त्या ९,६०० रुपयांनी पानाची सुरुवात झाली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह, जयगडच्या बंदरावर जाऊन अम्मी आम्हाला पडाव कुठे लागायचा ती जागा दाखवणार आहेत.