मायचा पाय

मायचा डावा पाय खांबासारखा सुजलेला होता. रोवण्याच्या दिवसांत बांधीच्या चिखलात तो रुतला, की आम्ही दोघं भाऊ तिला ओढून काढायचो. पुढे गावात हत्तीपायाच्या गोळ्या वाटू लागले. मी त्या खिशात घालायचो अन् धुऱ्यावर फेकून द्यायचो. मला काय धाड भरली होती!

2019 च्या जानेवारीत आमच्या नागपूर जिल्ह्यात दोनाऐवजी तीन औषधं आली. डीईसी अन् अल्बेंडाझोल होतंच, आयव्हरमेक्टिन नवं. त्याची मात्रा उंचीवर, म्हणून आशाताईनं काठी लावून मोजलं.

"काकाजी, जेवले ना? मग माझ्यासमोर गिळा."

माझा हात खिशाकडे गेलाच होता. ती म्हणाली, "जंताची पिल्लं रात्री रक्तात फिरतात. तुम्हाला चावलेला डास उद्या नातवाला चावेल."

गिळल्या. रात्री अंग तापलं, डोकं ठणकलं. सकाळी ताई म्हणाली, "रक्तातली पिल्लं मेली, की असं होते."

म्हणजे ती होती. किती वर्षांपासून, कोण जाणे.

धाकट्याची खाट नेहमी माझ्या खाटेशेजारी असायची. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा पाय सुजतो आहे.