कसला, कोणता, कुठला

प्रौढ वयात इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला व्याकरणातील अवघड नियम जेवढे छळत नाहीत, तेवढे साधे प्रश्न छळतात. ‘व्हॉट काइंड ऑफ म्यूझिक डू यू लाइक?’ या वाक्यात एकही कठीण शब्द नाही. तरीही मुलाखतीत हा प्रश्न आला की उत्तर अनेकदा ‘येस सर’ असे येते. घाई आणि भीती ही कारणे आहेतच. पण माझ्या मते खरी अडचण निराळी आहे. आवड आणि प्रकार विचारण्याची मराठीची रीतच वेगळी आहे.

रत्नागिरीत राहणाऱ्याला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाजारात उभे राहून नुसते ऐकावे. ‘आंबा कुठला?’ असे विचारले की उत्तरात गाव येते: पावसचा, देवगडचा. ‘कोणता?’ म्हटले की हापूस, पायरी, रायवळ ही नावे येतात. ‘कसा दिला?’ म्हटले की डझनाचा भाव कळतो. शेजारच्या बरणीकडे बोट दाखवून ‘वडी कसली?’ असे विचारले, तर ती आंब्याची की नारळाची, हे समजते. पण तोच शब्द आंब्याला लावून ‘कसला आंबा हा!’ म्हटले, तर स्वरावरून ती निंदा की स्तुती हे ठरवावे लागते. (यांतला ‘कुठला’ आता कायद्याच्याही कामाचा झाला आहे. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांची नावे त्याला जोडली गेली.) इंग्रजीतील ‘व्हॉट काइंड ऑफ’ या तीन शब्दांना यांपैकी पुष्कळसे काम एकट्याने करावे लागते. म्हणून ‘कोणत्या प्रकारचे संगीत तुम्हांला आवडते?’ हे भाषांतर चूक नसूनही बोलण्यातले वाटत नाही. आपण विचारतो, ‘गाणी कसली ऐकता?’

‘काइंड’ या शब्दाचे मूळ पाहण्यासारखे आहे. जन्म, कूळ, स्वभाव असे त्याचे जुने अर्थ होते आणि ज्या आदिम धातूपासून तो आला, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘जन्’ आणि आपला ‘जाति’ हे शब्द आले आहेत. आंब्याची जात विचारताना आपण खरे तर ‘काइंड’च विचारतो. पुढे मात्र वाटा फुटल्या. इंग्रजीत ‘व्हॉट काइंड ऑफ पर्सन’ असे विचारले, तर माणसाच्या स्वभावाची चौकशी होते. आपल्याकडे ‘तुम्ही कुठले?’ यानंतर ‘कोणापैकी?’ असा प्रश्न येतो, तेव्हा विचारणाऱ्याला स्वभाव जाणून घ्यायचा नसतो. प्रकार विचारण्यासाठी एवढे शब्द असलेल्या भाषेत ज्याला हा प्रश्न वारंवार ऐकावा लागला आहे, तो ‘काइंड’ हा शब्दही सावधपणे ऐकतो. त्याला व्याकरण येत नाही, असे म्हणून चालणार नाही.

आता ‘लाइक’कडे वळू. ‘आय लाइक मँगोज’ यात ‘मी’ कर्ता आहे. ‘मला आंबा आवडतो’ यात क्रियापद आंब्याप्रमाणे चालते आणि मी चतुर्थीत बसून राहतो. आवड माझ्याकडे येते. मी ती करत नाही. हिंदी, कन्नड, तमिळ या भाषांतही साधारण हीच रचना आहे. गंमत अशी की जुन्या इंग्रजीतही ‘लाइक’चे पूर्वरूप असेच चालत असे: वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. काही शतकांत ते उलटे झाले. पण जुन्या वळणाचे प्रयोग शेक्सपिअरच्या नाटकांतही आढळतात. ‘मला’पासून ‘आय’पर्यंत जाताना विद्यार्थी अडखळत असेल, तर इंग्रजीलाही तिथवर पोहोचायला वेळ लागला होता.

पाहुण्याला ‘डू यू लाइक टी?’ असे विचारणे म्हणजे त्याच्या आवडीची चौकशी. ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणजे आग्रह. मराठीत हा भेद ‘आवडतो का’ आणि ‘घेणार का’ असा क्रियापदानेच होतो. कोकणात तर ‘टाकू ना?’ एवढेच पुरते.

अवघड शब्द पुढेच आहे. एका रविवारी संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना जोडीने एकमेकांच्या आवडी इंग्रजीत विचारायला सांगितले. चाळिशीच्या एका विद्यार्थिनीला माशांविषयी विचारण्यात आले. तिने घरातील सर्वांचे सांगितले: सासऱ्यांना बांगडा, यजमानांना सुरमई, मुलाला कोळंबी. ‘आणि तुम्हांला?’ असे मी मराठीत विचारले. ‘मला काय, काहीही चालते.’ या ‘चालते’ला इंग्रजीत काय म्हणावे, असा प्रश्न वर्गातून आला. ‘आय लाइक एनीथिंग’ हे त्याचे भाषांतर नव्हे, असे मी सांगितले. ‘चालते’मध्ये संमती आहे, आवड नाही.

ती बराच वेळ वहीत पाहत होती. मग म्हणाली, ‘आय लाइक मुडदुशे.’ माशाचे इंग्रजी नाव तिला ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. शेजारच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न टाकला, ‘व्हिच डू यू प्रिफर, फ्राय ऑर करी?’

‘फ्राय,’ ती लगेच म्हणाली आणि मराठीत बजावले, ‘आणि रव्यात हां, पिठात नाही.’