कर्नाळ्याच्या रायवळावर

खारघर, ८ फेब्रुवारी

ती. अण्णांस,


पनवेलला सुखरूप उतरलो. ताईचं घर खारघरच्या टेकडीला लागूनच आहे. टेकडीवरचा साग आता निम्माअधिक उघडा पडलाय, पांडवकड्याचा धबधबा कोरडाठाक. रात्री गॅलरीतल्या दिव्यावर बारीक हिरवे किडे येतात. ताई त्यांना सरसकट चिलटं म्हणते, म्हणून एक पकडून तिला भिंगाखाली दाखवला. मागच्या पायाच्या पोटरीवर वरपासून खालपर्यंत काट्यांच्या रांगा! त्या दिसल्या की तो तुडतुडा. आपल्या भातावरच्या तपकिरी तुडतुड्याचं कूळ वेगळं; त्याच्या पोटरीच्या टोकाला एक मोठी हलणारी आर असते. इतका लहान जीव, पण ओळख पायावर लिहिलेली. ताई बराच वेळ भिंग सोडेना.

उद्या कर्नाळ्याला जातो.

आपला,
बाळू

कर्नाळा, ९ फेब्रुवारी

ती. अण्णांस, सा. नमस्कार.

लोक इथे पक्षी बघायला येतात. १९६८ सालापासून हे अभयारण्य आहे, मुंबई-गोवा रस्ता त्याच्या अंगातूनच जातो. ऐन, किंजळ, साग आणि मधूनमधून जुने रायवळ आंबे. त्यातला एक मोहोरानं भरलेला होता. खालून चालताना पानांवर पावसाची भुरभुर व्हावी तसा आवाज येत होता. वर पाहिलं तर तुडतुडे उडत होते. खालची पानं चिकट, काही काळी पडलेली. म्हणजे आपल्या बागेसारखा इथेही तुडतुड्यांचा खार पडलाय, आणि इथे तर कलमांची बाग नाही की दाट लागवड नाही!

अभयारण्यात किडा पकडायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मोबाइलला भिंग लावून नुसते फोटो काढले. पंखांच्या मुळाशी पाठीवर जो छोटा त्रिकोण असतो, तिथे नजर ठेवायची. मोहोरावर बहुतेक बारके होते: त्रिकोणावर दोन ठिपके आणि डोक्याच्या माथ्यावरही काळे ठिपके. हा इडिओस्कोपस क्लायपिॲलिस, आंब्यावरच्या तीन तुडतुड्यांत सर्वांत लहान. काहींच्या त्रिकोणावर तीन ठिपके होते आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा. तो इडिओस्कोपस निटिड्युलस. पिल्लं तर देठांवरून तिरकी धावतात, बोट नेलं की लगेच देठाच्या पलीकडे.

तिसरा मोहोरावर सापडेना. खोडाच्या सावलीकडच्या बाजूला, सालीच्या भेगेत बसला होता: अंगानं मोठा, फिकट तपकिरी, त्रिकोणावर दोनच ठिपके, माथा स्वच्छ. ॲम्रिटोडस ॲटकिन्सोनाय. लेथिएरी नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १८८९ साली त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ते ॲटकिन्सन या आयरिश अधिकाऱ्याचं. हिमालयातल्या जिल्ह्यांचं गॅझेटियर लिहिणारा तोच हा. खोडाशी नाक लावून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे, चौकीवरचे काका शेवटी पाणी घेऊन आले.

बाळू

खारघर, ११ फेब्रुवारी

ती. अण्णांस, सा. नमस्कार.

परवाचे फोटो मोठे करून पुन्हा पाहिले. आंब्यावरच्या या तिघांचं ठिपक्यांवर निभावतं. पण गॅलरीतल्या दिव्यावरच्या त्या हिरव्यांचं नाव फोटोवरून सांगणं मला पटत नाही. तिथे नराचं जननांग क्षारात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. मादी हाती आली तर बहुधा जातीपर्यंत पोचताच येत नाही. तुडतुड्यांच्या वीस हजारांहून जास्त जातींची वर्णनं झाली आहेत, म्हणून घाई नको.

आपल्या बागेचं मात्र आजच बघा. मोहोर झटकला की उडतात ते दिसतात, म्हणून आपण मोहोरच धुतो. खोडावरचा तो तिसरा वर्षभर तिथेच राहतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात मोहोरापूर्वीची पहिली फवारणी फांद्यांवर आणि खोडावरही सांगितली आहे ती याच्यासाठीच, आणि आपले गडी नेमकं खोड सोडतात. विहिरीकडच्या जुन्या कलमांच्या उत्तरेच्या बाजूला, सालीच्या भेगांत बघा. ठिपके दिसत नसतील तर वहिनीला सांगून फोटो पाठवा. तोवर पुढचं औषध आणू नका, मी रविवारी येतोच आहे.

आपला,
बाळू