म्हातारा पाऊस

पुष्य लागलं की आजी म्हणायची, "आता म्हातारा लागला. ह्याची रिपरिप काय लवकर सरायची नाही." त्याच्याआधी पुनर्वसूचा तरणा येऊन गेलेला असायचा, धावत यायचा, बांध फोडायचा, पळून जायचा. मग मघांचा सासूचा पाऊस, पूर्वांचा सुनेचा आणि मागून हस्ताचा हत्ती, सोंडेनं ओतणारा. त्याच दिवसांत पाटावर हत्ती काढून पोरी हादग्याचा फेर धरायच्या. सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस राहतो, तेवढ्याच मुक्कामाचा एकेक पाहुणा. पण आजीला प्रत्येकाची खोड ठाऊक. नवं पंचांग घरात आलं की पहिला प्रश्न, "औंदा मृगाचं वाहन काय गं?" बेडूक, म्हैस, हत्ती निघाला तर चेहरा खुलायचा. कोल्हा म्हटलं की गप्प.

वाहनावरून पाऊस ठरत नाही, हे मला कळतं. वेधशाळेच्या इशाऱ्यानं माणसं वाचतात, मीही तो रोज बघते. पण मिलिमीटरशी भांडता येत नाही. आजी भांडायची. ओट्यावर उभी राहून, पदर डोक्यावर ओढून, "पुरे रे म्हाताऱ्या, पोरांची कापडं वाळू दे" म्हणायची. मघा कोरड्या गेल्या तर सासू रुसली म्हणून स्वतःच दोन दिवस हळहळायची.

पावशा अजून ओरडतो. हिंदी मुलुखात तो 'पी कहाँ' म्हणून साजणाला शोधतो, इंग्रजांना त्यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आला. आपल्याकडे तो सांगत आला, 'पेरते व्हा'. पक्षी तोच, आपले कान मात्र घरात बियाणं भरून ठेवलेल्या माणसाचे होते. परवा भर दुपारी तो ओरडत होता. शेजारची मुलगी म्हणाली, "कुठला तरी पक्षी आहे." मला गलबलून आलं.

मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडले आणि आदिवासींच्या, पारध्यांच्या तोंडचे शब्द टिपत गेले. जिथे शब्द नव्हता तिथे घडवला. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' म्हणाले. त्यानंतर मला ती झाडं नुसती पांढरी दिसेनाशी झाली, त्यांना घरपण आलं. १८ जून २०२५ ला ते सोलापुरात गेले. बातमी वाचली तेव्हा मला आधी तारीख दिसली. मृग चालू आहे, हे बऱ्याच वेळानं सुचलं. त्याची रुखरुख अजून आहे.

आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर जुलैतली एक तारीख आहे. ती मला दर वेळी कागद काढून बघावी लागते. आईला कुणी विचारलं तर ती मात्र लगेच सांगते, "म्हातारा लागला होता. सरपण सगळं ओलं होतं."